खुंटा धरल्यावर

अगं, तू वाढलीस पाकिटातल्या पिठावर, म्हणून सांगते. हळदीच्या दिवशी जात्यापाशी बसवतील तेव्हा मोबाइलमध्ये बघून ओवी म्हणू नको. आपली आपण जुळव.

आधी जातं बघ. नवी टाकी लावली असेल तर पहिल्या दोन-चार मुठी जोंधळे दळून टाकून दे, नाहीतर पिठात कच लागते. खुंटा आवळून धरू नको. मनगट भरून येतं अन् गळाही धरतो. दाण्यांची वैरण घालताना गाणं थांबवायचं नाही. ओढ एकसारखी झाली की ओळ आपोआप तेवढीच होते.

पहिली ओवी तुळजापूरच्या आईची, मग पंढरीच्या विठ्ठलाची, मग आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची. लोक याला भक्ती म्हणतात. असेल. मला त्यात बायकांची हुशारी दिसते. पहाटे जात्यावर बसताना रात्रीचं भांडण डोक्यात घुमत असायचं. देवाच्या ओव्या पाठच असतात, जुळवाव्या लागत नाहीत. त्या म्हणेपर्यंत श्वास ओढीला लागतो. मग आई-बापाची म्हण, भावाची म्हण. सासूची अगदी शेवटी. तोवर शिवी जाऊन तिथं बरा शब्द सापडलेला असतो.

शेवटचा शब्द आधी धर आणि मग मागे ये, म्हणजे यमक ओढाताणीचं होत नाही. ‘दुःख’ असं नुसतं म्हणू नको. भावानं आणलेल्या लुगड्याचा काठ सांग, येडशीच्या घाटात अडकलेली त्याची गाडी सांग. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या जुळवणाऱ्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, तू तर शिकलेली आहेस.

आणि ओवी येत नसली तर ओढून आणू नको. १९९३ साली लोक गणपती बुडवून झोपले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. सास्तूरकडची माझी मावशी पुढं कितीतरी महिने नुसत्या देवाच्याच ओव्या म्हणायची. गेलेल्यांची म्हण, असं तिला कुणी म्हणालं नाही, ते बरं केलं. वर्षश्राद्धाच्या सुमारास तिची एक ओवी आली. तीही गेलेल्या लेकराची नव्हती, पडलेल्या घराच्या उंबऱ्याची होती.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी थापटून कच्चं-पक्कं पाहिलं, नामदेव कच्चे निघाले, असं सांगतात. तसं तुझ्या ओवीचं थोरल्या जावेपाशी कर. तिनं लगेच पुढची ओवी उचलली तर तुझी पक्की. ती गप्प राहिली तर रुसू नको. दुसऱ्या ओळीतला एखादा शब्द बदलून बघ, बहुतेक तोच खटकत असतो.