वीणेची तार आणि वादकाचा हात

पुणे जिल्ह्यातील भाजे लेण्यांत तबल्यासारखी वाद्यजोडी वाजवणारी स्त्री आणि नर्तकी कोरलेली आहे. या शिल्पाला सुमारे २००० वर्षे झाली. वादकाचा अनुभव बौद्ध वाङ्मयातही भेटतो.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. गृहस्थ असताना तो वीणावादनात निपुण होता. भिक्खू झाल्यावर अतिचंक्रमणाने त्याचे तळपाय रक्ताळले; निराश होऊन घरी परतावे, असे त्याला वाटले. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेविषयी विचारले : तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या, तर ती नीट वाजते का? सोणाला उत्तर ठाऊक होते. प्रयत्नही तसाच समतोल हवा.

गतवर्षी भीमजयंतीच्या तयारीत आमच्या एका तबलावादक विद्यार्थ्याने मनगटाचे दुखणे लपवले. ‘आणखी रियाज कर’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. ऐन कार्यक्रमात त्याचा हात चालेना.

विद्यार्थी मित्रांनो, वेदना जाणवताच थांबा, शिक्षकांना सांगा. ती शमली नाही तर डॉक्टरांना दाखवा. रंगमंचावर जाण्यापूर्वी छाती धडधडली, तर आनापानसतीचा आधार घ्या : श्वास लांब आहे की आखूड, एवढेच जाणा. भीती आहे हे ओळखा आणि लक्ष पहिल्या सुरावर, पहिल्या ठेक्यावर आणा. तार किती ताणली गेली आहे, हे मात्र आम्ही शिक्षकांनी आधी पाहिले पाहिजे.