वॉशिंग मशीनसह फ्लॅट भाड्याने द्यायचाय? आधी नळ बघा

कराडसारख्या गावात तुमचा एखादा वन बीएचके रिकामा असेल, तर तो भाड्याने देणं हासुद्धा धंदाच आहे. इथे मेडिकल कॉलेज आहे, शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज आहे, बदलीवर आलेले बँकवाले आहेत. ही मंडळी वर्ष-दोन वर्षांसाठी येतात. मशीन विकत घ्यायचं आणि जाताना टेम्पोत घालून न्यायचं, ही कटकट त्यांना नको असते.

आता हिशोब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घाला. भाडं ८,००० आणि मशीनचे ७०० जास्त. ११ महिन्यांचे झाले ७,७००. दुरुस्तीला वर्षाला १,५०० बाजूला ठेवा, उरले ६,२००. मशीन १८,००० चं असेल तर पैसे सुटायला जवळपास तीन वर्षं. फार काही नाही ना? पण फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर ८,००० जातात, म्हणजे मशीनची वर्षभराची कमाई साफ! म्हणून मशीनची खरी कमाई ७०० रुपयांत नाही. भाडेकरू लवकर मिळतो आणि जास्त टिकतो, त्यात आहे.

पण दुकानात जायच्या आधी गच्चीवर जा. बऱ्याच फुल ऑटोमॅटिक मशीनना पाण्याचा दाब लागतो, साधारण ०.३ बार. म्हणजे टाकीतलं पाणी मशीनच्या नळापेक्षा तीन मीटर तरी उंच हवं. वरच्या मजल्यावर हे बहुतेक वेळा बसत नाही. मग प्रेशर पंपाचा खर्च धरा. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर क्षार बसतात. आणि पाणी दिवसाआड येत असेल, तर माझं मत सरळ आहे: सेमी ऑटोमॅटिक घ्या. बादलीनं पाणी ओतून तरी चालतं! दिसायला साधं, पण भाडेकरूचा फोन कमी येतो.

ड्राय बाल्कनीत सांडपाण्याला उतार आणि अर्थिंग असलेला प्लग हवाच. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि करार. आपल्याकडे पुष्कळ जण ओळखीवर चावी देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. चुकीचं असेल तर ते तुम्ही सिद्ध करायचं. मग "मशीन आधीच बिघडलेलं होतं" म्हटल्यावर काय कराल? म्हणून वस्तूंच्या यादीत मशीनचं मॉडेल, सीरियल नंबर आणि चालू स्थिती लिहा. झिजून बिघडलं तर खर्च मालकाचा, खिशात नाणी ठेवून कपडे टाकले तर भाडेकरूचा, हेही त्यातच घाला. चावी देताना त्याच्यासमोर एक धुणं लावून दाखवा आणि मोबाइलवर शूट करून ठेवा.