आधी कोणते काम?

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रसहायक संगणकाच्या आज्ञावली स्वतः लिहितात. अशा सहायकापुढे ५० कामे एकदम टाकली, तर तो पडद्यावरील बटणाचा रंग आधी बदलावयाचा आणि हिशेब चुकविणारा दोष तसाच राहावयाचा! म्हणून जाणते लोक त्याला अग्रक्रम लावलेली यादी देतात. वरचे काम पुरे करून पडताळून पाहावे, मगच खालचे हाती घ्यावे, अशी त्यास आज्ञा असते. तातडीचे काम मध्येच उपटले, तर ते यादीच्या माथ्यावर चढते.

ही युक्ती आजची नव्हे. २० जुलै १९६९ रोजी ‘ईगल’ हे यान नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन यांना घेऊन चंद्रावर उतरत होते. पृष्ठभाग सुमारे १० किलोमीटर दूर असता यानातील संगणकाने इशारा दिला : १२०२! एका रडारच्या निरर्थक संकेतांपायी त्याच्यावर झेपेल त्याहून अधिक भार पडला होता. उतरावे की माघारी फिरावे? विचाराला काही क्षणच होते. परंतु संगणकाच्या कर्त्यांनी प्रत्येक कामाचा अग्रक्रम आधीच लावून ठेवला होता. भार असह्य होताच संगणकाने नव्याने आरंभ केला, दुय्यम कामे टाकून दिली. यान सांभाळण्याचे काम मात्र सोडले नाही. ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षातून अवघ्या २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांनी होकार दिला. तसे इशारे पुढेही आले. तरी ‘ईगल’ शांततेच्या सागरावर सुखरूप टेकले. उतरण्याचे इंधन तेव्हा मिनिटभर पुरेल इतकेही उरले नव्हते.