जीएनएम की बी.एस्सी. नर्सिंग?

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातली. बारावी विज्ञान झाले. आई-वडील ऊसतोडीला जातात. तीन वर्षांचे जीएनएम करू की चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग?

उत्तर : ताई, सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका व्हायचे असेल, तर दोन्ही वाटा तिथे पोचतात. फरक पुढे पडतो. एम्सच्या भरतीत बी.एस्सी.वाल्यांना पदवीनंतर लगेच अर्ज करता येतो. जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम.एस्सी. करून शिकवायचे असले तरी पदवी हवीच. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, पण मग चाराची पाच वर्षे होतात. मधे नोकरी करून घराला हातभार लागणार असेल, तर तो तोटा नाही.

बी.एस्सी.ला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि सीईटी हवी. तुझे जीवशास्त्र असेल, तर आधी सीईटीच दे. सरकारी जागा मिळाली, तर डोळे झाकून बी.एस्सी. घे. भरमसाट फीच्या खासगी कॉलेजसाठी मुकादमाची उचल वाढवायची असेल, तर मात्र मी जीएनएमच सांगेन. प्रवेशाआधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचे नाव बघ. जाहिरातीच्या फलकावर जाऊ नकोस.