टांकसाळीचे दार आणि श्रमिकाची भाकरी

इंग्रजीतील 'मिंट' या शब्दाचे दोन अर्थ विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. एक पुदिना, ज्यावरून पेपरमिंटच्या गोळीला नाव मिळाले, दुसरा टांकसाळ. उच्चार एक असला तरी शब्दांची कुळे वेगळी आहेत. टांकसाळीचा 'मिंट' हा लॅटिन 'मोनेटा'वरून आला. प्राचीन रोममध्ये जूनो मोनेटा या देवतेच्या मंदिरालगत नाणी पाडली जात. आपला 'टांकसाळ' शब्द संस्कृत 'टंकशाला'पासून आला असून टंक म्हणजे नाणे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अर्थाचा विचार करावयाचा आहे. कारण टांकसाळीचा प्रश्न हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थशास्त्रीय चिंतनाचा गाभा होता.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकच रुपया प्रमाण ठरला. त्याचे वजन १८० ग्रेन आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. त्या काळी टांकसाळ सर्वांस खुली होती. कोणीही चांदी न्यावी आणि घडणावळ देऊन तिचे रुपये करून आणावेत, अशी रीत होती. त्यामुळे रुपयाचे मोल चांदीच्या मोलाशी बांधलेले राहिले.

१८७० नंतर जर्मनीसह अनेक देशांनी सुवर्णचलन स्वीकारले आणि चांदीचा भाव घसरला. त्याबरोबर रुपयाही घसरला. इंग्लंडमधील देणी पौंडात फेडावी लागत असल्याने सरकारची ओढाताण होऊ लागली. अखेर हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार जून १८९३ मध्ये टांकसाळी जनतेसाठी बंद झाल्या.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. दार जनतेला बंद झाले, सरकारला मात्र ते उघडेच राहिले. रुपये किती पाडावेत यावर कोणतेही निश्चित बंधन उरले नाही. नाणी अमर्याद वाढली की प्रत्येक नाण्याची खरेदीशक्ती घटते, वस्तू महागतात. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञाने या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले होते. बाबासाहेबांनी ते अमान्य केले. टांकसाळ सरकारलाही रुपये पाडण्यास बंद करावी, रुपयांच्या संख्येला कायम मर्यादा घालावी आणि सोन्याच्या नाण्यांसाठी टांकसाळ उघडावी, असा उपाय त्यांनी सुचविला.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. महागाई वाढते त्या वेगाने मजुरी वाढत नाही. रुपया स्वस्त झाला की व्यापाऱ्याला नफा होतो. पण त्या नफ्याचा एक भाग मजुराच्या ताटातून आलेला असतो. म्हणून विनिमयाच्या दरापेक्षा देशातील किमतींचे स्थैर्य त्यांना अधिक मोलाचे वाटे. १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी हीच भूमिका मांडली.

हे विवेचन 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात आहे. प्रा. एडविन कॅनन यांनी काही मुद्द्यांवर मतभेद नोंदवूनही त्यास प्रस्तावना लिहिली. बाबासाहेबांनी हा ग्रंथ आपल्या आईवडिलांना अर्पण केला. मुलांच्या शिक्षणासाठी झिजणाऱ्या प्रत्येक पालकाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० मध्ये भारत सरकारने त्यांची प्रतिमा असलेले एक रुपयाचे नाणे काढले. ज्या समाजाला शतकानुशतके संपत्तीपासून दूर ठेवले गेले, त्या समाजातील विद्वानाची मुद्रा देशाच्या चलनावर उमटली, हे मोठेच परिवर्तन होय. तथापि त्या मुद्रेचा खरा मान राखावयाचा तर त्यांचा प्रश्न पुढे चालविला पाहिजे. विद्यार्थ्यांनी हातातील नाण्यावरील सालाखाली पाहावे. तेथे चौकटच्या आकाराची छोटी खूण असल्यास ते मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहे. नंतर घरी विचारावे, की गतवर्षी या नाण्यात जे मिळत होते ते आज मिळते काय, आणि आईवडिलांची मजुरी तितकी वाढली काय? अर्थशास्त्राच्या अभ्यासाला तेथूनच आरंभ होतो.