मिटते छप्पर आणि ठेंगणा पूल

नदीवर पूल बांधणारा जमिनीवरील रहदारीचा विचार प्रथम करतो; खालून जाणाऱ्या नावाड्यास उरलेल्या जागेतून वाट काढावी लागते. इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक ब्रॉड्स हा उथळ सरोवरांचा व संथ नद्यांचा प्रदेश याचे उत्तम उदाहरण होय. तेथील थर्न नदीवर पॉटर हाइगम या गावी चौदाव्या शतकातील दगडी पूल अद्याप उभा आहे. भरतीच्या वेळी त्याच्या मधल्या कमानीचा माथा पाण्यापासून जेमतेम २ मीटरच्या आसपास उंच राहतो.

या नद्यांवर पूर्वी मालवाहू शिडाच्या नौका चालत. त्यांची डोलकाठी खिळीवर फिरत असे आणि तिच्या बुंध्याशी शिशाचे जड वजन बसविलेले असे. त्यामुळे एक नावाडी व त्याचा सोबती एवढ्यांनाच ती पुलाजवळ आडवी करून पलीकडे पुन्हा उभी करता येई. १८९८ साली बांधलेली ‘अल्बियन’ ही अशीच एक नौका आजही जतन केलेली आहे. अडथळ्याशी झगडण्याऐवजी नौकेने आपली उंची कमी करावी, हे तत्त्व लहान होडीच्या छपरासही लागू पडते.

भार वाढवून भागेल काय?

एक होडी २ मीटर रुंद असून तिचे पक्के, सपाट छप्पर पाण्यापासून १.९० मीटर उंच आहे, असे समजू. पुलाची कमान अर्धवर्तुळाकार असून मध्यभागी तिची उंची २ मीटर आहे. १० सेंटिमीटर जागा उरते, म्हणून होडी सुटेल असे वाटते. परंतु मध्यापासून १ मीटर बाजूस त्याच कमानीची उंची १.७३ मीटरच भरते. माथा सुटला तरी छपराचे कोपरे दगडावर आदळतील.

होडीत भार घालून ती खाली दाबावी, असे कोणी सुचवील. आर्किमिडीजच्या नियमानुसार होडी आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. पाण्याच्या पातळीवर होडीने व्यापलेले क्षेत्र ८ चौरस मीटर असेल, तर ती १ सेंटिमीटर बुडण्यास ८० किलोग्रॅम भार लागतो. २० सेंटिमीटरसाठी १,६०० किलोग्रॅम लागतील! हा मार्ग धोक्याचा आहे.

छपराची रचना

याकरिता धातूच्या नळीच्या दोन-तीन कमानी करून त्यांवर जाड कॅनव्हास ताणतात. मुख्य कमानीचे पाय होडीच्या दोन्ही काठांवर खिळीने जोडतात. उरलेल्या कमानी मुख्य कमानीच्या पायांना जोडलेल्या असतात. पुढून व मागून पट्टे ताणले की कमान, काठ व पट्टा यांचा त्रिकोण बनतो. बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलत नाही, म्हणून छप्पर वाऱ्यात स्थिर राहते. पुढचा पट्टा सोडताच त्रिकोण मोडतो व सर्व सांगाडा मागे निजतो.

खिळीची जागा विचारपूर्वक ठरवावी लागते. काठ पाण्यापासून ७० सेंटिमीटर व कमान १.२० मीटर उंच असेल, तर मिटल्यावर ती खिळीच्या मागे १.२० मीटर जागा व्यापते. तेवढी जागा नसल्यास ती सुकाणूच्या आड येते.

छप्पर मिटल्यावर गुरुत्वमध्य खाली येतो आणि वाऱ्याचा दाबही कमी होतो. मात्र आता सर्वांत उंच भाग कोणता, हे पुन्हा मोजले पाहिजे. तो समोरची काच असेल किंवा बसलेल्या माणसाचे डोकेही असेल.

पाण्याची पातळी

पुलाची उंची कायम असली तरी खालची मोकळी जागा कायम नसते. भरती, पाऊस व समुद्रावरील वारा यांमुळे ती दररोज बदलते. म्हणून ब्रॉड्समधील पुलांजवळ त्या वेळची मोकळी उंची दाखविणाऱ्या मापपट्ट्या लावलेल्या असतात. त्यांवरील आकडा वाचूनच पुढे जाण्याचा निर्णय घ्यावा.

छप्पर पुलाच्या बरेच अलीकडे मिटवावे. प्रवाहात सापडलेली होडी ऐन वेळी थांबत नाही. सर्वांनी खाली बसावे आणि दगडाला हात लावून होडी आवरू नये. होडीचे नुकसान भरून काढता येते; चिरडलेली बोटे पूर्ववत होतीलच असे नाही.

करून पाहा : पत्र्याचा चौकोनी डबा पाण्यात तरंगत ठेवा. त्यात मोजून वजने टाका व डबा किती बुडतो ते पट्टीने मोजा. नंतर तारेची एक कमान डब्याच्या काठांवर खिळीप्रमाणे फिरेल अशी बसवून, ती उभी व आडवी असताना एकूण उंची मोजा. उंची कमी करण्याचा कोणता उपाय सोपा ठरतो?