बोंडअळी मोजायची कोणी? सापळा, कॅमेरा आणि आपली वही



कपाशीला पाते लागायला लागले की गटाच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास निघतात. एक, हप्ता कोणाचा राहिला? दोन, औंदा गुलाबी बोंडअळी येईल का? पहिल्याचं उत्तर आपल्या वहीत असतं. दुसऱ्याचं उत्तरसुद्धा वहीत ठेवता येतं, आणि तेच आजच्या पाठात शिकायचं आहे. त्यासोबत हेही बघू, की प्रयोगशाळेतलं बियाणं, वास देणारी गोळी, कॅमेरा आणि संगणक या सगळ्या गोष्टी एका वावरात कशा येऊन मिळतात.

अळी आत, औषध बाहेर

गुलाबी बोंडअळीचा पतंग लहानसा, मातकट रंगाचा असतो. तो रात्री फिरतो, म्हणून दिवसा वावरात गेलं तरी सहसा दिसत नाही. मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि लगेच फुलात किंवा बोंडात शिरते. ती शिरली की बोंडाचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार दिसतं आणि आत अळी सरकी खात बसलेली असते.

म्हणजे फवारणीला वेळ थोडाच मिळतो. अळी आत गेल्यावर पंप कितीही मारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पैसा जातो, विष अंगावर येतं आणि अळी तशीच राहते. या किडीच्या बाबतीत "कोणतं औषध" याच्या आधी "कधी" हा प्रश्न विचारावा लागतो.

बियाण्यातलं संरक्षण कमी का पडलं?

मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जिवाणू असतो. तो जे प्रथिन तयार करतो, ते काही अळ्यांच्या पोटात गेलं की त्या मरतात. शास्त्रज्ञांनी त्या प्रथिनाचा जनुक, म्हणजे ते कसं बनवायचं याची कृती, कपाशीच्या बियाण्यात घातली. हीच बीटी कपाशी. भारतात तिला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन प्रथिनांचं दुसरं वाण आलं.

सुरुवातीला बोंडअळ्या खरंच कमी झाल्या. अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा उपयोग आजही होतो. गुलाबी बोंडअळीने मात्र वाट काढली. हजारातल्या एखाद्या अळीला ते प्रथिन पचत होतं. बाकीच्या मेल्या, ती वाचली, तिची पिल्लं वाढली. गुजरातमध्ये २००९ च्या सुमारास पहिल्या बीटीला न जुमानणारी अळी सापडली. पुढे दोन प्रथिनांच्या कपाशीतही ती टिकू लागली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने मोठं नुकसान केलं.

पूर्वी बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं, आठवतं का? ते वावराच्या कडेने लावायचं होतं. त्या झाडांवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग बीटीत वाचलेल्या पतंगांशी जुळावेत आणि बीटीला न जुमानणाऱ्यांचंच बेणं वाढू नये, असा त्यामागे हिशोब होता. पण "यात कापूस कमी निघतो" म्हणून बऱ्याच घरांत ते पाकीट कोपऱ्यात पडून राहिलं. प्रयोगशाळेत शोध लागला, तरी त्याची राखण वावरातच करावी लागते.

वास, कॅमेरा आणि मोजणी

आता सापळ्याकडे येऊ. कामगंध सापळ्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. हा वास कारखान्यात तयार करतात. नर पतंग त्या वासाला भुलून सापळ्यात पडतो. एकरी दोन सापळे लावले तर पतंग किती आहेत याचा अंदाज येतो. सापळ्याने सगळी अळी संपत नाही. सापळा बातमी देतो.

ती बातमी रोज सकाळी मोजावी लागते आणि तिथंच गाडी अडते. निंदणी, स्वयंपाक, पोरांची शाळा, यातून सापळ्यापाशी कोण जाणार? या अडचणीवर संशोधकांनी दोन वाटा काढल्या आहेत.

पहिली वाट मोबाईलची. वाधवानी एआय या संस्थेने असं ॲप तयार केलं, की सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढला की मोबाईल ते मोजतो आणि फवारणीची वेळ आली की नाही ते सांगतो. २०१९ मध्ये गूगलच्या जागतिक स्पर्धेत या कामाला निधी मिळाला. महाराष्ट्रातल्या कापूस शेतकऱ्यांसोबत त्याच्या चाचण्या झाल्या.

दुसरी वाट सापळ्यातच कॅमेरा बसवण्याची. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावर काम केलं आहे. सापळ्यातला कॅमेरा ठरावीक वेळाने फोटो काढून पाठवतो, संगणक पतंग मोजतो आणि इशारा मोबाईलवर येतो.

संगणकाला पतंग ओळखता येतो तरी कसा? तुरीची डाळ निवडायला आपण पोरीला कसं शिकवतो? हा खडा, ही डाळ, हा कोंडा, असं शंभरदा दाखवतो. मग तिचा हातच सांगतो. संगणकालाही असेच हजारो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोत माणसाने आधी खूण केलेली असते: हा बोंडअळीचा पतंग, ही दुसरी माशी, हा कचरा. त्यावरून तो शिकतो. म्हणूनच फोटो अंधुक असला किंवा पतंग एकमेकांवर पडले असले तर त्याची मोजणी चुकू शकते. यंत्राने आकडा दिला तरी अधूनमधून आपल्या डोळ्याने ताडून बघायचा.

कॅमेरा नसला तरी चालेल

एरंडोल तालुक्यातल्या प्रत्येक वावरात कॅमेऱ्याचा सापळा उद्या लागणार नाही. पण त्यामागचं गणित आपल्याला आजच वापरता येतं.

१. लागवडीला साधारण ४५ दिवस झाले की एकरी दोन सापळे लावा. सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवा आणि झाड वाढेल तसा वर सरकवा. गोळी पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला.

२. रोज सकाळी पतंग मोजा, वहीत लिहा, सापळा रिकामा करा.

३. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ आली.

समजा वहीत असं लिहिलं आहे: सोमवारी ४ आणि ६, सरासरी ५. मंगळवारी ९ आणि ७, सरासरी ८. बुधवारी १० आणि ८, सरासरी ९. गुरुवारी ८ आणि १०, सरासरी ९. मंगळ, बुध, गुरू असे तीन दिवस झाले. निर्णय गुरुवारी घ्यायचा. सोमवारी फवारलं असतं तर तो खर्च वाया गेला असता.

४. आठवड्यातून एकदा वावराच्या वेगवेगळ्या भागांतून २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघा. दोनमध्ये अळी किंवा तिने केलेलं नुकसान दिसलं, म्हणजे दहा टक्के, तरी इशारा समजा. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसल्या की तोडून अळीसकट नष्ट करा.

सुरुवातीला निंबोळी अर्क चालतो: ५ किलो निंबोळीचं चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटर पाणी करायचं. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवल्या तर हे गटाचं कामही होऊ शकतं. रासायनिक औषध कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच घ्या. दुकानदार देईल ती दोन-तीन औषधं एकत्र करू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, हे विसरू नका. पंपाला पाणी आपणच भरतो आणि फवारणीचे कपडेही आपणच धुतो, म्हणून हातमोजे आणि वेगळी बादली आपल्यालाही लागते.

इशारा कोणाच्या मोबाईलवर?

किडलेल्या बोंडातून कवडी कापूस निघतो. वजन कमी, भाव कमी. वेचणीची मजुरी किलोवर असते. समजा किलोला १० रुपये आहेत आणि चांगल्या वावरात दिवसाला ५० किलो कापूस वेचला जातो, तर ५०० रुपये होतात. किडक्या वावरात तेवढंच वाकून ३० किलो निघाला तर हातात ३०० येतात. ज्यांचं स्वतःचं वावर नाही त्या ताईंचंही अळीने नुकसान होतं ते असं.

पण इशारा बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर जातो आणि औषध उधारीवर येतं. मग ती उधारी फेडायला गटातून कर्ज निघतं. मोजणीची वही आपल्या हातात असेल तर "आज फवारायचं नाही, आकडा पाचच आहे" असं आपल्याला पुराव्यासकट सांगता येतं.

फरदडीचंही तसंच. डिसेंबरनंतर कपाशी ठेवली तर चार पैसे मिळतात खरे, पण अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. एकीने पऱ्हाटी काढली आणि शेजारणीने ठेवली तर उपयोग नाही, पतंग बांध ओळखत नाही. म्हणून हा निर्णय ग्रामसंघाने मिळून घ्यायचा आहे.

आपल्या जिल्ह्याला असे बदल नवे नाहीत. ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली तेव्हाही "बाटलीतलं रोप वावरात जगेल का" अशी शंका होतीच. आज ती रोपं आपण हाताने लावतो. सापळ्यातला कॅमेराही एक दिवस येईल. तोवर मोजणं आपल्या अंगवळणी पडलेलं असलं, तर त्याचा आकडा खरा की खोटा हे सांगणाऱ्या आपण असू.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गटात किती जणींच्या वावरात कपाशी आहे, आणि किती जणी फक्त वेचणीला जातात?
- गावात पाच ठिकाणी सापळे लावायचे तर कोणाची वावरं निवडायची आणि रोज कोण मोजणार?
- मोजणाऱ्या ताईचा वेळ जातो. त्याचा मोबदला गटाने कसा द्यायचा?
- फरदड न ठेवण्याचा ठराव ग्रामसंघात कधी मांडायचा?

उत्तरं गटाच्या इतिवृत्तात लिहा. मासिक भेटीला येईन तेव्हा हप्त्याच्या वहीशेजारी पतंगांची वहीही उघडून बसू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, एरंडोल